पंप माझ्या पिशवीत होता

आधी एक गोष्ट साफ करते. बोटीवर पांढऱ्या साडीतली बाई नव्हती. कुणाचा आवाज आला नाही, अंगात काही आलं नाही, अमावास्याही नव्हती. संक्रांतीला दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या बसमधून आम्ही पानिपतला, काला अंबच्या स्मारकावर गेलो होतो. परत येताना मागच्या सीटवर कुणीतरी माझ्याच भावाची गोष्ट मलाच ऐकवली, आणि त्यात ही बाई होती! केस मोकळे सोडून सुकाणू धरून बसलेली. मी म्हटलं, बाई ती नाही, बाई मी आहे... आणि मी काठावर उभी होते, चिखलाच्या बुटांत. त्याच दिवशी ठरवलं की हे एकदा स्वतःच लिहून टाकायचं.

माझ्याबद्दल थोडं. मी मेधा. मेकॅनिकल इंजिनिअर, सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका तांत्रिक खात्यात, आता रिटायर. दिल्लीतल्या द्वारकेला राहते. नवरा ख्रिश्चन, मी हिंदू घरातली, त्यामुळे आमच्या हॉलमध्ये क्रूस पण आहे आणि कोपऱ्यात माझ्या आईचा देव्हारा पण. मी दोन्हींपुढे सारखीच उभी राहते — हातात फडकं घेऊन, धूळ पुसायला. भूत, प्रेत, दृष्ट, शकुन यांतलं काहीही मी कधी मानलं नाही. आज हे लिहितानाही मानत नाही. हे वाचून तुम्ही मानायला लागणार असाल तर कृपा करून इथेच थांबा.

माझा मोठा भाऊ — दादा — मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होता. रिटायर होऊन फरीदाबादला आला, वर्षभरात बायपास झाली, आणि माणूस घरात बसून कुजायला लागला. अलका वहिनी त्याला सकाळी पार्कात फिरायला पाठवायच्या. तो पार्कात जाऊन बाकावर बसायचा आणि परत यायचा.

मग एके दिवशी भंगारवाल्याच्या यार्डात त्याला ती लाँच दिसली. एका सरकारी खात्याची जुनी स्टीलची बोट. नदीची खोली मोजायला वापरायचे, मग कधीतरी काठावर ओढली आणि विसरले. तळाला गंज, केबिनमध्ये कबुतरं. दादाने मला फोन केला.

"मेधा, इंजिन हाताने फिरतंय यार! जाम नाही झालेलं."

"दादा, तू समुद्रावरचा माणूस. यमुनेत काय करणार बोट घेऊन?"

"पुरात काय करतात बोटीचं?" तो म्हणाला. "मागच्या वेळी खादरातली माणसं ट्यूबवर बसून बाहेर आली. चिल्लीपिल्ली, म्हाताऱ्या. लाज नाही वाटत आपल्याला?"

खादर म्हणजे नदीच्या पात्रालगतची सखल जमीन. तिथे लोक झोपड्या टाकून भाज्या लावतात, आणि दर पावसाळ्यात पाणी त्यांना उठवतं. दादाच्या डोक्यात हे पक्कं बसलं होतं की आपली एक बोट तिथे हवी. वहिनी म्हणाल्या, ही बोट ह्यांचा जीव घेणार. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही तरी नाही म्हणा." मी नाही म्हटलं नाही. कारण कित्येक महिन्यांनी मी दादाला शिट्टी वाजवताना ऐकलं होतं. वहिनींना एवढंच म्हटलं, "मी बरोबर असेन. एकट्याला पाण्यावर जाऊ देणार नाही."

वर्ष गेलं त्यात. तळाचे पत्रे बदलले, नवीन रंग, नवीन वायरिंग, इंजिन पूर्ण खोलून बांधलं. पावसाच्या तोंडावर क्रेन आणून बोट पाण्यात उतरवली. काठावरच्या गावातले लोक जमले होते. एकाने विचारलं, पूजा? मी म्हटलं, "भैया, बोट तळाला भोक नसेल तर तरंगते. नारळ फोडून भोक बुजत नाही." लोक हसले, पण दोन-चार जण नाही हसले.

आणि भोक होतंच, बरं का! पंखा फिरवणारा शाफ्ट जिथून बोटीच्या बाहेर जातो तिथलं पॅकिंग गळत होतं. पहिल्याच दिवशी तळात घोटाभर पाणी. ते काढलं, पॅकिंग नवीन भरलं, नीट आवळलं. मग इंजिन तापायला लागलं. तळातून नदीचं पाणी आत ओढून इंजिन थंड करतात, आणि आमची नदी कसली... जलपर्णी, प्लास्टिक, कुणाच्या तरी पूजेची चुनरी, सगळं त्या जाळीत. जाळी बदलली. मग इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडायला लागलं. डिझेलच्या नळीत हवा शिरत होती, ते जॉइंट घट्ट केले. मग टाकीच्या तळचा गाळ निघाला. मग पुन्हा बंद.

गावात बोलायला लागले — पूजा नहीं करवाई ना. मला इतका राग यायचा! प्रत्येक बिघाडाला कारण होतं. प्रत्येक कारण मी हातात धरून दाखवलं होतं. जुनी मशीन वर्षानुवर्षं पडून राहिली की असंच करते. माणूस तरी दुसरं काय करतो?

शेवटी दादा म्हणाला, "आता एकच राहिलं. पंप."

वाचणाऱ्यांपैकी सगळे इंजिनवाले नसतील म्हणून सांगते. डिझेल इंजिनात एक पंप असतो, तो डिझेल प्रचंड दाबाने सिलिंडरमध्ये फवारतो. तो पंप नसेल तर इंजिन चालत नाही. म्हणजे कमी चालतं, वाईट चालतं असं नाही. चालतच नाही.

सकाळी आम्ही दोघांनी तो पंप काढला. चार नळ्यांची उघडी तोंडं मी स्वतः फडक्यात गुंडाळून सुतळीने बांधली, धूळ जाऊ नये म्हणून. बॅटरीची तारही काढून ठेवली, ती माझी जुनी सवय. पंप कापडी पिशवीत घातला, चांगलाच जड असतो तो, आणि शहरात पंप-नोझलवाल्याकडे निघाले.

"तू काही हात लावू नकोस," मी म्हटलं. "सावलीत बस. गोळी घेतली का?"

"हो गं बाई. चलो, निघ."

दुकानात कारागिराने पंप खोलला, आतला एक प्लंजर, म्हणजे दट्ट्या, अडकत होता, तो बदलला, मशीनवर लावून तपासला. मी समोरच बसले होते. दुपार होत आली. पिशवी उचलून निघणार तोच वहिनींचा फोन.

"मेधाताई, हे फोन उचलत नाहीयेत. वरच्या बॅरेजचे दरवाजे उघडलेत म्हणे, पाणी वाढतंय. तुम्ही आहात ना तिथे?"

मी तिथे नव्हते. "पोचतेच आहे," एवढंच म्हटलं. रिक्षावाल्याला सांगितलं, जेवढं पळवता येईल तेवढं पळव.

दादाच्या बाजूने काय झालं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगते म्हणजे गोंधळ नको. आमच्या काठापासून बरंच खाली, प्रवाहाच्या दिशेला, पात्रात एक टापू, म्हणजे छोटंसं बेट आहे. तिथे रामवती नावाची बाई दुधी-दोडक्याचे वेल लावते. नवरा मजुरीला गेलेला, ही एकटी. पाणी वाढलं तशी ती तिथे अडकली आणि ओढणी हलवून ओरडायला लागली. दादाने ऐकलं. लाँच तर चालत नव्हती. काठावर कुणाची तरी लाकडी नाव होती, बांबूने ढकलायची. बायपास झालेला माझा भाऊ ती नाव घेऊन गेला.

टापूपर्यंत पोचला. रामवतीला उतरायला हात देत होता तेवढ्यात नाव प्रवाहात फिरली, सुटली आणि गेली. दोघं टापूवर. पाणी पोटरीला, मग गुडघ्याला. फोन पाण्यात. दादा सांगतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा छातीत जड वाटलं. रामवतीला तो बोलला नाही. तिने मात्र ओळखलं. म्हणाली, "बाबूजी, मेरा हाथ पकड़ लो. बैठना मत."

आणि मग वरून आमची लाँच आली. मोकळी, आडवी, प्रवाहाबरोबर वाहत. तिचा दोर काठावर घासून घासून तुटला होता. तुटलेलं टोक मी नंतर पाहिलं, धागे धागे झालेलं. ती येऊन टापूच्या टोकाला अडकली आणि हे दोघं कसेबसे वर चढले.

इथपर्यंत मला काहीही प्रॉब्लेम नाही. पाणी वाढलं, दोर तुटला, बोट वाहत खाली आली, मध्ये टापू होता म्हणून अडकली. नशीब म्हणा, योगायोग म्हणा. बिल्कुल शक्य आहे.

पण पाणी वाढतच होतं. बोट पुन्हा सुटली. खाली नवीन पुलाचं काम चाललंय, त्याचे खांब, त्यांच्या लोखंडी सळया. दादाला ते दिसत होते. नांगर टाकावा म्हणून तो पुढे जायला उठला, पण पाय चालेनात. तो सुकाणूला धरून उभा राहिला.

आणि खाली इंजिन सुरू झालं.

दादाचे शब्द असे, "मला वाटलं तू आलीस. कशी आलीस, कुठून आलीस, काही नाही. मी हाक मारली, मेधा, आहेस का आत? उत्तर नाही. पण इंजिन चालू आहे, समोर खांब आहेत, तर माणूस काय करेल? आयुष्यभर जे केलं ते केलं. हात आपोआप गिअरवर गेला."

आता माझी बाजू. मी रिक्षातून उतरले ती पुश्त्यावर, म्हणजे पुरासाठी घातलेल्या उंच बांधावर. तिथून नदी दिसते. काठावर बघते तर बोट नाही. दादाची खुर्ची होती, थर्मास होता. दादा नाही.

मग आवाज ऐकू आला. त्या इंजिनाचा आवाज मी झोपेतही ओळखेन, वर्षभर खपून मी ते हाताने जोडलं होतं. ठक ठक ठक, एकसारखा, इतका सुरेख की त्याआधी कधीच तसा चालला नव्हता. खालच्या वळणावरून लाँच येत होती. पुराच्या पाण्याच्या उलट, नाक वर, दोन्ही बाजूंना पाणी कापत. दादा सुकाणूवर. शेजारी एक बाई त्याला दोन्ही हातांनी धरून.

मी ओरडले. खरं सांगते, आनंदाने ओरडले. "चालली! दादा, चालली!"

आणि मग हात हलवायला गेले, तर खांद्यावरची पिशवी घसरून कोपरावर आली. जड.

मी पिशवीत हात घातला. पंप होता. कारागिराने पुसलेल्या तेलाने बोटं ओली झाली. समोर बोट येत होती आणि माझा हात पंपावर होता. ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. एवढं आठवतंय की मी त्या आवाजाला मनातल्या मनात म्हणत होते, थांबू नकोस. आत्ता थांबू नकोस.

बोट काठाच्या चिखलाला टेकली. दादाने गिअर मोकळा केला, आणि इंजिन बंद करायच्या खटक्याकडे हात नेला. त्या खटक्याची तार पंपाला जोडलेली असते, ती तर मीच सकाळी सोडवली होती. त्याचा हात पोचायच्या आधीच इंजिन आपलं आपण थांबलं.

मी पाण्यातून धावत गेले. गावातले दोघं धावत आले, त्यांनी दादाला उतरवलं. त्याचा चेहरा राखेसारखा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"पंप?"

"माझ्याकडे."

त्याने माझं मनगट धरून ठेवलं.

त्याला गाडीत घालायच्या आधी — हो, आधी, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल — मी बोटीवर चढले आणि इंजिनाचं झाकण उचललं. तोंडावर वाफ आली. चार नळ्यांवरचं माझं फडकं तसंच, सुतळीची माझीच गाठ तशीच, कोरडी. पंपाची जागा रिकामी. बॅटरीची तार सुटलेली. मी सिलिंडरवर बोट ठेवलं आणि भाजलं. फोड आला होता, चांगला आठवडाभर राहिला.

दादा वाचला. वेळेवर पोचलो असं डॉक्टर म्हणाले. वहिनी माझ्याशी त्या दिवशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा आणला, त्यात माझ्यासाठीही पोळ्या होत्या.

आता तुमचे प्रश्न. मी स्वतःला ते सगळे विचारले आहेत. दुसरा पंप? नव्हता, आणि असता तरी जागा रिकामी होती. डिझेल इंजिन कधीकधी स्वतःचंच ऑइल ओढून चालतं, हे खरं आहे. पण मग ते वेड्यासारखं पळतं, काळा धूर ओकतं, आणि आधी कुणीतरी ते फिरवावं लागतं. मी ऑइल मोजलं, थेंबही कमी नव्हता. काठालगत प्रवाह उलटा फिरतो? फिरतो. पाणी पुन्हा तसंच चढलं तेव्हा मी लांब दोर बांधून बोट तिथेच प्रवाहात सोडून पाहिली. सरळ पुलाकडे निघाली. दादाला भास झाला? मग रामवतीला पण झाला, मला पण झाला, काठावरच्या दोघांना पण झाला, आणि माझ्या बोटालाही झाला.

चौथ्या-पाचव्या दिवशी बोटीवर गेले तर गावाने तिला हार घातलेला. नाकावर शेंदूर, अगरबत्त्या. रामवती तिथेच बसलेली.

"जमना मैया ने भेजी थी दीदी," ती म्हणाली. "आप मानो, न मानो."

"मैयाने पाठवली तर मैयाने तुझे वेल का नेले? तुझं घर का नेलं?"

ती शांतपणे म्हणाली, "वो भी उसी ने ले लिया. मैं उसका हिसाब थोड़े ही कर रही हूँ."

शेंदूर मात्र मी पुसला. रॉकेलने, घासून. हार तिच्याच हातात दिला. ती रागावली नाही, याचा मला जास्त राग आला.

खरं भांडण झालं ते दादाशी. हॉस्पिटलमधून येऊन महिना झाला असेल, आम्ही दोघं बोटीवर गेलो. मी पिशवी उघडली. तो म्हणाला, "नको बसवू."

"काय नको?"

"पंप. राहू दे बोट तशीच."

"दादा, तू? तू असं बोलतोस? भर समुद्रात तुझ्या जहाजाला आग लागली तेव्हा तू जपमाळ काढली होतीस का?"

"नव्हती काढली," तो म्हणाला. "पण तेव्हा मला माहीत होतं इंजिन कशामुळे चालतं."

"आजही माहीत आहे."

"अच्छा? मग सांग."

मी पाना उचलला आणि काम सुरू केलं. तो काठावर जाऊन पाठ करून बसला. एक बोल्ट पलीकडच्या बाजूला असतो, एका माणसाचा हात पोचत नाही. मी शिव्या देत होते, घाम गळत होता. बऱ्याच वेळाने बोटीवर पावलं वाजली. त्याने पलीकडून हात घातला आणि बोल्ट धरला.

पंप बसला. चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि मेलं. नळीत हवा! आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि इतके हसलो की दादाला छाती धरून खाली बसावं लागलं. साधा, अडाणी, समजण्यासारखा बिघाड. हवा काढली, सुरू झालं.

त्यानंतर बोट दोन पुरांत गेलीय. माणसं आणलीत, बकऱ्या आणल्यात, एकदा एक नवं कोरं वॉशिंग मशीन आणलं. मध्येच बंद पडते, आम्ही दुरुस्त करतो. पंप काढून ठेवून पुन्हा कधी सुरू होते का, हेही मी करून पाहिलंय, लाज कसली. चावी फिरवली, हाताने फिरवलं, एकदा तर कुणी जवळ नाही बघून नुसतीच शेजारी बसून राहिले. काही नाही. लोखंड ते लोखंड.

वहिनी म्हणतात, निदान एकदा आभार तरी माना. मी म्हणते, कुणाचे? त्या म्हणतात, ज्याचे असतील त्याचे. मी नाही मानत. माझा भाऊ आज फरीदाबादला जिवंत बसलाय, मटार सोलत, वहिनींशी वाद घालत, आणि तो कशामुळे जिवंत आहे हे मला सांगता येत नाही. इतकी वर्षं इंजिनिअर असून सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सांगता येत असेल तर जरूर या, बोट दाखवते, इंजिन खोलून दाखवते. मात्र पाना घेऊन या, अगरबत्ती नको.

मला माहीत नाही, एवढंच माझं उत्तर आहे, आणि ते मी मान ताठ ठेवून देते. त्या "माहीत नाही"ची जागा मी रिकामी ठेवलीय. तिथे मी देव बसवणार नाही, आणि भूतही बसू देणार नाही.